द्रव्याची चौथी अवस्था

शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत द्रव्याच्या तीन अवस्था सांगितलेल्या असतात : घन, द्रव आणि वायु. बर्फ, पाणी व वाफ हें त्यांचें नेहमींचें उदाहरण. हा धडा पाठ झाला म्हणजे विद्यार्थ्यास वाटतें कीं, द्रव्याचें सारें स्वरूप आपणांस कळलें. परंतु रात्रीं अंगणांत उभें राहून वर पाहिलें तर जे असंख्य तारे चमकतांना दिसतात, त्यांपैकीं एकाचेंहि तेजोमय शरीर या तीन अवस्थांपैकीं कोणत्याहि अवस्थेंत बसत नाहीं. आपला नित्याचा सूर्यहि तसाच. तो दगडासारखा घन नाहीं, पाण्यासारखा द्रव नाहीं, आणि आपण श्वासाबरोबर घेतों त्या हवेसारखा साधा वायुहि नाहीं. त्याच्या अवस्थेस शास्त्रज्ञ ‘प्लाझ्मा’ असें म्हणतात. दृश्य विश्वांतील बहुतेक सर्व द्रव्य याच अवस्थेंत आहे. आपल्या पायांखालची माती, बाणगंगेचें पाणी आणि भोंवतालची हवा हे विश्वाच्या मानानें पाहिलें तर केवळ अपवाद होत. ही चौथी अवस्था म्हणजे काय, ती ओळखण्याच्या कामीं आपल्या महाराष्ट्राच्या भूमीनें कोणता वाटा उचलला, आणि तिचा आपल्या नित्याच्या व्यवहाराशीं काय संबंध आहे, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अणूचा विचार करूं. प्रत्येक अणूच्या मध्यभागीं धन विद्युद्भार असलेलें एक लहानसें केंद्र असतें व त्याभोंवतीं ऋण विद्युद्भाराचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात. दोन्ही भार सारखे असल्यामुळें एकंदर अणु विद्युद्दृष्ट्या उदासीन असतो. बर्फास उष्णता दिली कीं त्याचें पाणी होतें, पाण्यास दिली कीं वाफ होते; तीच वाफ आणखी तापविली तर तिचे रेणु फुटून सुटे अणु होतात. याहून पुढें तापवीत गेलें तर अणु एकमेकांवर इतक्या वेगानें आदळूं लागतात कीं त्या धडकेनें त्यांचे इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतात. असे सुटे इलेक्ट्रॉन आणि मागें राहिलेले धनभारित अणु, ज्यांस आयन म्हणतात, यांचा जो मिश्र समुदाय, तोच प्लाझ्मा होय.

असा प्लाझ्मा पाहण्यास आपणांस फार लांब जावयास नको. ओझर परिसरांतील पालकांपैकीं ज्यांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांनीं वळवाच्या पावसांत आभाळ चिरीत जाणारी वीज कितीदां तरी भीतभीत पाहिली असेल. विजेच्या मार्गांतील हवा क्षणभर सुमारें ३०,००० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते. म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या पांचपटीहून अधिक! तेवढ्या क्षणापुरती ती हवा, हवा न राहतां प्लाझ्मा होते. वर्गांतील ट्यूबलाइटच्या नळींत पाऱ्याच्या वाफेचा विरळ प्लाझ्मा असतो. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेच्या गॅरेजांत वेल्डिंग करतांना डोळे दिपविणारा जो प्रकाश निघतो, तोहि प्लाझ्माचाच. (त्याकडे उघड्या डोळ्यांनीं कधींहि पाहूं नये, त्यांतील अदृश्य जंबुपार किरणांनीं डोळ्यांस इजा होते.) मात्र चुलींतील किंवा मेणबत्तीची ज्योत खऱ्या अर्थानें प्लाझ्मा म्हणतां येत नाहीं, तींत सुटे झालेले इलेक्ट्रॉन फारच थोडे असतात.

या अवस्थेकडे लक्ष वेधणाऱ्यांत इंग्लंडांतील विल्यम क्रुक्स यांचें नांव प्रमुख आहे. कांचेच्या नळींतून बहुतेक हवा काढून घेऊन तींत त्यांनीं वीज सोडली, आणि १८७९ सालीं ही द्रव्याची चौथी अवस्था होय असें प्रतिपादन केलें. ‘प्लाझ्मा’ हें नांव मात्र १९२८ सालीं अमेरिकेंतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं दिलें.

केवळ ‘फार तापलेला वायु’ एवढ्यानें प्लाझ्माचें वर्णन पुरें होत नाहीं. त्याचा स्वभावच निराळा आहे. साध्या हवेंतून वीज सहसा वाहत नाहीं. प्लाझ्मांतून ती उत्तम वाहते. हवेजवळ लोहचुंबक नेला तर हवेस त्याची खबरहि नसते. प्लाझ्माचे कण मात्र चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोंवतीं, खांबाभोंवतीं वेल चढावा तसे, वेढे घेत फिरतात. प्लाझ्मा वाहूं लागला कीं तो चुंबकीय क्षेत्रास आपल्याबरोबर ओढून नेतो, आणि तें क्षेत्र उलट त्यास वळण लावतें. हें परस्परांचें बंधन गणितानें उलगडण्याच्या कामाबद्दल स्वीडनचे हॅनेस आल्फव्हेन यांस १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. येथें एक शंका कोणीहि विचारील. विद्युत्शक्ति गुरुत्वाकर्षणापेक्षां कितीतरी पटींनीं प्रबळ आहे. मग तारे व ग्रह यांच्या भ्रमणांत तिचें राज्य कां नसावें? उत्तर असें कीं, प्लाझ्मांत धन व ऋण भार सर्वत्र सारख्याच प्रमाणांत मिसळलेले असतात; म्हणून दुरून पाहतां ते एकमेकांस पुसून टाकतात. गुरुत्वाकर्षणांत असें पुसून टाकणारें कांहींच नाहीं. यास्तव तारे कोठें जमावे व ग्रह कसे फिरावे हें गुरुत्वाकर्षण ठरवितें. सूर्यावरील वादळें, ज्वाळा व झोत यांचें रूप मात्र प्लाझ्मा आणि त्याचें चुंबकत्व यांच्या हातीं असतें.

परंतु पंधरा कोटि किलोमीटर दूर असलेल्या सूर्यावर काय चाललें आहे, हें माणसास कळावें कसें? याचें साधन म्हणजे वर्णपट. लोलकांतून सूर्यकिरण गेला म्हणजे सात रंगांचा पट्टा दिसतो, हें आपण प्रयोगशाळेंत पाहतों. तापलेलें प्रत्येक मूलद्रव्य या पट्ट्यांत आपापल्या ठराविक जागीं रेषा उमटवितें. माणसाची ओळख जशी अंगठ्याच्या ठशानें पटते, तशी मूलद्रव्याची ओळख या रेषांवरून पटते.

या विद्येच्या इतिहासांत महाराष्ट्राच्या वांट्यास एक मोठा दिवस आला, तो २२ जानेवारी १८९८ हा होय. त्या दिवशीं सूर्याचें खग्रास ग्रहण होतें, आणि चंद्राची छाया कोंकणांतून देशावर येऊन पुढें वऱ्हाड-नागपुराकडे गेली. खग्रास ग्रहणाच्या वेळीं सूर्याचें बिंब झांकलें जातें व त्याभोंवतीं मोत्याच्या रंगाची एक शुभ्र प्रभा दिसते. तिला सूर्याचा किरीट म्हणतात. ती पाहण्यास इंग्लंडचे सर नॉर्मन लॉकयर विजयदुर्गच्या किल्ल्यावर आले होते. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर या रेल्वेच्या गांवीं अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीं तळ दिला होता. आणि त्याच जेऊरास पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेहि आपलीं यंत्रें घेऊन आले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें पुण्यास उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच देखरेखीखालीं होती. मुंबई-पुण्याकडे त्या वेळीं प्लेगची सांथ चालू होती. अशा दिवसांत महिनोगणती तयारी करावयाची ती अवघ्या दोन मिनिटांच्या अंधारासाठीं; आणि त्या दोन मिनिटांत एखादा ढग आडवा आला तर सर्व श्रम व्यर्थ! सुदैवानें आकाश निरभ्र राहिलें.

किरीटाच्या वर्णपटांत एक हिरवी रेषा दिसते. ती १८६९ सालच्या ग्रहणांत अमेरिकन निरीक्षकांनीं प्रथम पाहिली होती. पृथ्वीवरील कोणत्याहि ज्ञात मूलद्रव्याशीं ती जुळेना. म्हणून सूर्यावर ‘कोरोनियम’ नांवाचें एखादें नवें मूलद्रव्य असावें, असा तर्क शास्त्रज्ञांनीं केला. प्रकाशाची तरंगलांबी अँगस्ट्रॉम या मापानें मोजतात; एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटावा भाग. या हिरव्या रेषेची जागा तोंपर्यंत ५३१७ अँगस्ट्रॉम अशी धरली जात असे. १८९८ च्या ग्रहणांत घेतलेल्या छायाचित्रांवरून ती ५३०३ ठरली. चौदा अँगस्ट्रॉमची ही दुरुस्ती सामान्य माणसास क्षुल्लक वाटेल. पण गुन्हेगाराच्या अंगठ्याचा ठसाच जर चुकीचा नोंदला असेल, तर तो सांपडावा कसा?

तो सांपडला तो चाळीसाहून अधिक वर्षांनीं. १९४० च्या सुमारास जर्मनीचे ग्रोट्रियन व स्वीडनचे एडलेन यांनीं दाखवून दिलें कीं, ही रेषा कोण्या अद्भुत मूलद्रव्याची नसून आपल्या घरांतील विळींत व तव्यांत असतें त्याच लोखंडाची आहे! फरक इतकाच कीं, लोखंडाच्या अणूंत सव्वीस इलेक्ट्रॉन असतात, आणि सूर्याच्या किरीटांतील या अणूंनीं त्यांपैकीं तेरा गमावलेले असतात. एवढे इलेक्ट्रॉन सुटण्यास दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग सुमारें ५,५०० अंश, आणि त्याच्या बाहेरील विरळ किरीट मात्र दहा लाख अंशांच्या वर! शेगडीपासून दूर जावें तों ऊब वाढत जावी, असा हा विलक्षण प्रकार आहे. त्याच्या मुळाशीं सूर्याचें चुंबकत्व आहे यांत शंका उरलेली नाहीं. परंतु ती उष्णता नेमकी कोणत्या मार्गानें वर पोंचते, हा प्रश्न अद्याप पुरा सुटलेला नाहीं.

कोणत्या तपमानास किती अणु फुटतील, याचा नियम मात्र एका भारतीयानें जगास दिला. पूर्व बंगालांतील एका खेड्यांतील गरीब दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा यानें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आंत, १९२० सालीं, आपलें सुप्रसिद्ध सूत्र मांडलें. त्यांचें सांगणें असें कीं, अणु फुटणें हें केवळ उष्णतेवर अवलंबून नसून वायूच्या दाटपणावरहि अवलंबून असतें. बाजाराच्या दिवशीं गर्दींत चुकलेल्या मुलास चार पावलांवर कोणी ओळखीचें भेटतें व तें घरीं पोंचतें. उघड्या माळावर चुकलेलें मूल मात्र कोसभर चाललें तरी त्यास माणूस दिसत नाहीं. त्याचप्रमाणें दाट वायूंत सुटलेल्या इलेक्ट्रॉनास लगेच एखादा आयन भेटून तो त्यांत सामावतो. विरळ वायूंत तो दीर्घकाळ एकटाच भटकतो. म्हणून विरळ ठिकाणीं थोड्या उष्णतेनेंहि प्लाझ्मा टिकून राहतो. या एका सूत्रानें ताऱ्यांच्या वर्णपटांतील रेषांवरून त्यांचें तपमान सांगतां येऊं लागलें.

याच नियमाचा उपयोग विश्वाच्या बालपणाचा विचार करतांना होतो. सुमारें १३८० कोटि वर्षांपूर्वीं विश्व अतिशय दाट व तप्त होतें, आणि त्यांतील सर्व साधें द्रव्य प्लाझ्माच्याच रूपांत होतें. हिवाळ्यांत पहांटे नदीकांठीं दाट धुकें पडलें म्हणजे दिव्याचा प्रकाश जसा इकडेतिकडे विखुरतो व पलीकडचें कांहीं दिसत नाहीं, तसा त्या काळीं प्रकाश सुट्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरत असे. विश्व प्रसरण पावून निवत गेलें, आणि सुमारें ३,८०,००० वर्षांनीं त्याचें तपमान ३,००० अंशांवर आलें. हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास लागणारी ऊर्जा पाहिली तर हें घडण्यास कितीतरी अधिक तपमान पुरेसें वाटतें. परंतु द्रव्य विरळ असल्यामुळें इलेक्ट्रॉन व आयन यांची जोडी इतका उशीर जमून टिकेना. साहांच्या सूत्रानें हें सहज उमजतें. जोड्या जमल्या तेव्हां धुकें फिटलें व प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश, आतां निवून निरपेक्ष शून्याच्या केवळ २·७ अंश वर राहिलेला, सर्व दिशांनीं आपल्याकडे येत असतो. पेंझियस व विल्सन या अमेरिकन संशोधकांनीं केलेला त्याचा शोध १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें पहिले तारे पेटले, आणि त्यांच्या तेजानें आकाशगंगांमधील विरळ हायड्रोजन पुनः प्लाझ्मा झाला. त्या दुसऱ्या बदलापूर्वींच्या हायड्रोजनच्या अतिक्षीण रेडिओलहरी ऐकूं येतात काय, याचा शोध घेणाऱ्या दुर्बिणींत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांवजवळ खोडद येथील महाकाय दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती उभी राहिली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. नाशिकहून पुण्यास जाणारा रस्ता नारायणगांवावरूनच जातो. पालकांनीं एकदां मुलांस ती अवश्य दाखवावी.

आतां आकाशांतून पुनः पृथ्वीकडे येऊं. कारण हा विषय केवळ दूरच्या ताऱ्यांचा नाहीं. सूर्याच्या किरीटांतून प्लाझ्माचा एक विरळ वारा अहोरात्र बाहेर वाहत असतो. त्याचा वेग सेकंदास साधारण ४०० किलोमीटर असतो व तो सुमारें चार दिवसांत पृथ्वीपाशीं पोंचतो. पृथ्वीचें चुंबकत्व त्यास ढालीप्रमाणें बाजूस सारतें. परंतु कधीं कधीं सूर्यावर मोठा स्फोट होऊन प्लाझ्माचा प्रचंड लोट सुटतो, व त्यावेळीं ही ढालहि हादरते. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचें चित्र काढीत असतां त्यांस डागांजवळ एकाएकीं पांढरी चमक दिसली. त्यानंतर अवघ्या साडेसतरा तासांच्या सुमारास पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा : पंधरा कोटि किलोमीटर अंतर इतक्या वेळांत कापावयाचें, तर वेग सेकंदास २,३०० किलोमीटरांहून अधिक येतो. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशांतहि आकाशांत ध्रुवीय प्रकाश दिसला; युरोप-अमेरिकेंत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या.

त्या वेळीं मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकसूचीची नोंद घेण्याचें काम नेहमींच्या शिस्तीनें चाललें होतें. २ सप्टेंबर रोजीं सूची अशी कांहीं विचलित झाली कीं तशी पूर्वीं झाली नव्हती. तेथील निरीक्षकांनीं घाबरून काम सोडलें नाहीं. उलट, नेहमींपेक्षां थोड्या थोड्या अंतरानें ते आंकडे लिहीत राहिले. हें सूर्याच्या प्लाझ्माचें काम आहे, हें त्यांस ठाऊक असणें शक्य नव्हतें. प्लाझ्मा हा शब्दच या अर्थानें जन्मास यावयाचा होता. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या प्रवाहानें नाजूक यंत्रें बिघडूं नयेत म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं अलिबागेस उभारण्यांत आली. कुलाब्याचे ते जुने आंकडे मात्र जपून ठेवले गेले. २००३ सालीं, म्हणजे तब्बल १४४ वर्षांनीं, भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह ते पुनः तपासले. मुंबईस पृथ्वीचें क्षैतिज चुंबकीय क्षेत्र त्या दिवशीं सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं घसरलें होतें, असें त्यांवरून निघालें. तें वादळ किती भयंकर होतें याचा आजचा अंदाज मुख्यतः याच नोंदीच्या आधारावर उभा आहे.

तसें वादळ आज आलें तर? १८५९ सालीं तारायंत्राखेरीज लांब तारा नव्हत्या. आज गांवोगांव विजेच्या तारा आहेत आणि डोक्यावर कृत्रिम उपग्रह आहेत. १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत, १८५९ च्या मानानें पुष्कळ लहान अशा वादळानें सुमारें साठ लाख लोकांची वीज नऊ तास बंद पाडली. ओझरास तर हा विषय अधिकच जवळचा आहे. १९६४ सालापासून येथें विमानांचा कारखाना आहे, आणि आजचीं विमानें आपली वाट उपग्रहांच्या संदेशांवरून पाहतात. ते संदेश पृथ्वीच्या वातावरणांतील आयनांबर या प्लाझ्माच्या थरांतूनच खालीं येतात. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळें आपल्यावरील हा थर विशेष दाट व चंचल असतो. म्हणून भारताच्या ‘गगन’ या मार्गदर्शक यंत्रणेस त्याचा हिशेब सतत करावा लागतो.

या संकटाची पूर्वसूचना मिळावी, हाहि एक हेतु धरून भारतानें २ सप्टेंबर २०२३ रोजीं ‘आदित्य एल-१’ हें यान श्रीहरिकोट्याहून सोडलें. तें ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें पंधरा लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या जागीं पोंचलें. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें सिद्ध केली आहे. दुसऱ्या एका यंत्रांत सूर्यबिंब चकतीनें झांकून कृत्रिम ग्रहणच घडवून आणतात. म्हणजे किरीट पाहण्यास दोन मिनिटांच्या अंधाराची वाट पाहावी लागत नाहीं. आणि ते यंत्र ज्या रेषांवर नजर ठेवतें, त्यांत ५३०३ अँगस्ट्रॉमची तीच हिरवी रेषा आहे, जिची जागा जेऊरच्या माळावर मोजली गेली होती!

विद्यार्थिमित्रहो, यांतून दोन गोष्टी मनांत ठसाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली ही कीं, सृष्टीचा नियम सर्वत्र एकच आहे. वर्गांतील नळींत जो नियम चालतो तोच सूर्याच्या किरीटांत चालतो, आणि विश्वाच्या आरंभींहि तोच चालला. हें पाहून सृष्टिकर्त्याविषयींचा आदर दुणावल्यावांचून राहत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, प्रामाणिकपणें केलेली लहानशी नोंद कधीं वायां जात नाहीं. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांस आपल्या आंकड्यांचा उपयोग कळला नाहीं. तरी त्यांनीं ते खाडाखोड न करितां, जसे दिसले तसे लिहिले. प्रयोगशाळेंत वही पुढें ओढून ‘उत्तर इतकें यावयास पाहिजे’ म्हणून आंकडा बदलण्याचा मोह ज्यास होतो, त्यानें त्यांची आठवण ठेवावी. यंत्रानें जें दाखविलें तें लिहावें. त्याचा अर्थ आज न कळला, तर पुढें कोणीतरी तो लावील.